गोळी आधी की रक्त आधी?

थायरॉइडची गोळी चालू असलेल्या माणसाला रक्त तपासायला जायचं असलं की आमच्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. बोईसरच्या लॅबमधला मुलगा फोनवर सांगतो, "काकू, गोळी न घेता या, आणि अनशापोटी या." पालघरची मावशी सांगते की चार दिवस आधीपासून गोळी बंद ठेवायची, म्हणजे "खरा" थायरॉइड कळतो. शेजारचे अ‍ॅटॉमिकमधून रिटायर झालेले काका म्हणतात की आयोडिनचं मीठ आठवडाभर बंद ठेवा. आणि केमिस्टकडचा पोऱ्या म्हणतो, काही नाही हो, कधीही या, कसेही या.

या चौघांतलं कोणीही हवेत बोलत नाहीये, ही यातली गंमत. जवळजवळ प्रत्येक सल्ला कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या तपासणीसाठी अगदी बरोबर होता. तपासणी बदलली, सल्ला मात्र तोंडातोंडी चालतच राहिला. आमच्या धंद्यात याला जुना कोड म्हणतात. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि ती ओळ काढायची कोणाची हिंमत होत नाही! तर आज या ओळी कोणी, केव्हा आणि का लिहिल्या ते बघू. हा विषय गमतीपुरता नाही. रिपोर्टवरचा आकडा चुकला की डॉक्टर गोळीची मात्रा बदलतात, आणि ती बदललेली मात्रा माणूस पुढचे दोन-चार महिने इमानेइतबारे गिळत राहतो.

सुरुवात १८९१ सालापासून. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. तिची थायरॉइड ग्रंथी बंद पडली होती. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाल मंद. काही महिन्यांत ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली, १९१९ साली गेली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या म्हणतात. वर्षभरातच लक्षात आलं की टोचायची गरज नाही, तोंडाने घेतलं तरी चालतं. मग लोक मेंढीची ग्रंथी हलकी परतून खाऊ लागले.

पण मात्रा बरोबर आहे हे कसं कळायचं? रक्ततपासणी नव्हतीच. डॉक्टर चेहरा बघायचे, नाडी मोजायचे, वजन करायचे. छातीत धडधडायला लागलं की मात्रा जास्त झाली, पुन्हा सूज आली की कमी पडली. बस्स.

१८९५ साली बर्लिनच्या माग्नुस-लेव्हीने दाखवलं की थायरॉइडच्या आजारात शरीर ऑक्सिजन कमी-जास्त वापरतं. त्यातून बीएमआरची तपासणी आली. माणसाला स्वस्थ पडायला लावायचं आणि त्याच्या श्वासातला ऑक्सिजनचा वापर मोजायचा. जेवण केलं की हा वापर वाढतो, जिना चढला की वाढतो, घाबरला तरी वाढतो. म्हणून रात्रीपासून उपाशी, शांत झोप, सकाळी अंथरुणातून उठायच्या आत मोजणी. थायरॉइडसाठी उपाशी राहायचं हे पहिल्यांदा आलं ते इथे, आणि तिथे ते शंभर टक्के योग्य होतं.

आज लॅबवाला "अनशापोटी या" म्हणतो त्याचं कारण वेगळं आहे. पॅकेजमध्ये थायरॉइडच्या जोडीला साखर आणि कोलेस्टेरॉल असतं, आणि उपास त्या साखरेसाठी असतो. नुसत्या थायरॉइडच्या रक्तासाठी उपास सक्तीचा नाही. मात्र नाश्त्यानंतर टीएसएचचा आकडा थोडा खाली येतो असं भारतातल्याही अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे दर वेळी उपाशी किंवा दर वेळी खाऊन, एकच काहीतरी ठरवावं. म्हणजे मागचा रिपोर्ट आणि आताचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघता येतात.

आता आयोडिनच्या काकांकडे वळू. थायरॉइडच्या हार्मोनमध्ये आयोडिन असतं. एडवर्ड केंडलने १९१४ च्या नाताळात मेयो क्लिनिकमध्ये हे हार्मोन शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं केलं आणि पुढे त्याला थायरॉक्सिन नाव मिळालं. १९२६-२७ मध्ये लंडनच्या हॅरिंग्टनने त्याची रचना शोधली आणि ते प्रयोगशाळेत तयारही करून दाखवलं. मेंढ्या सुटल्या. :)

हार्मोन थेट मोजता येत नव्हतं, म्हणून रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडिन मोजायची पद्धत निघाली. १९४० च्या दशकापासून १९७० पर्यंत हीच नेहमीची तपासणी होती. तिची अडचण अशी की कुठलंही आयोडिन आलं की आकडा फुगायचा. खोकल्याचं औषध, जखमेला लावलेलं टिंक्चर आयोडिन, पित्ताशयाचा फोटो काढण्यापूर्वी दिलेलं औषध, यातलं काहीही त्याला पुरायचं. एकदा असं आयोडिन पोटात गेलं की कधीकधी कित्येक महिने तपासणी निरर्थक.

त्याच सुमारास किरणोत्सारी आयोडिन आलं. १९४१ मध्ये बोस्टनच्या सॉल हर्ट्झने ते थायरॉइडच्या रुग्णाला उपचार म्हणून दिलं. तपासणीची कल्पना साधी होती. रुग्णाला किंचित किरणोत्सारी आयोडिन प्यायला द्यायचं आणि २४ तासांनी मानेसमोर मोजणीयंत्र धरून त्यातलं किती ग्रंथीने ओढून घेतलं ते बघायचं.

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली आणि भारतात किरणोत्सारी समस्थानिकं बनवायची सोय झाली. १९६३ मध्ये होमी भाभांच्या पुढाकाराने परळला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत, रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. बीएआरसीचा हा वैद्यकीय विभाग, आणि थायरॉइड हे तिथलं मोठं काम. त्याच १९६३ साली भारत आणि अमेरिकेत तारापूरच्या अणुवीजकेंद्राचा करार झाला. २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की औषधाचं आयोडिन तारापूरला बनतं. तसं नाही. तारापूरचं काम विजेचं, औषधी आयोडिनचं काम तुर्भ्याच्या संशोधन भट्ट्यांचं. घराणं एक, पण भाऊ वेगळे.

त्या तपासणीसाठी पालघर-बोईसरकडच्या माणसाला सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करून परळला जावं लागे, आणि २४ तासांची मोजणी म्हणजे लागोपाठ दोन दिवस. विरारच्या पुढे, डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ मध्ये. त्याआधी सगळी भिस्त शटल आणि लांबच्या गाड्यांवर. एवढी यातायात करून गेलेल्याची तपासणी फुकट जाऊ नये म्हणून नियम कडक असत. आयोडिनवाली औषधं बंद, आहारात आयोडिन कमी, आणि थायरॉक्सिनची गोळी काही आठवडे बंद! कारण बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी स्वस्थ बसते आणि आयोडिन ओढतच नाही. मावशीचा "गोळी बंद ठेवून खरा थायरॉइड बघायचा" हा सल्ला आणि काकांचा मिठाचा सल्ला, दोन्हींचं माहेर हे. आजही स्कॅन करायचा असेल किंवा थायरॉइडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडिन द्यायचं असेल तर असे नियम पाळावे लागतात, आणि ते रुग्णालय स्वतःच लिहून देतं. साध्या रक्ततपासणीला मात्र ते लागू नाहीत. नेहमीचं आयोडिनयुक्त मीठ खुशाल खा.

काकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते. अणुवीजकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा परिसर आणीबाणीच्या नियोजनात धरला जातो, आणि साध्या, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या आयोडिनच्या गोळ्या त्या तयारीत असतात. अपघात झाला तर ती गोळी ग्रंथी आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडिनला आत जागा उरत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने सुमारे एक कोटी मुलांना असं आयोडिन दिलं होतं. तिलाही आमच्याकडे "थायरॉइडची गोळी" म्हणतात आणि थायरॉक्सिनच्या गोळीलाही. दोन्हींचा काडीमात्र संबंध नाही. एक प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची, दुसरी रोज सकाळी.

असो. आता आजची तपासणी.

न्यूयॉर्कच्या सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी १९५९-६० मध्ये रक्तातलं इन्सुलिन मोजायची एक नवीच रीत काढली, रेडिओइम्युनोअसे. समजा वर्गात बाकं मोजकीच आहेत. बाकं म्हणजे अँटिबॉडी. किरणोत्सारी खूण लावलेलं हार्मोन आणि रुग्णाच्या रक्तातलं हार्मोन, दोघांना एकदम आत सोडायचं. रुग्णाचं हार्मोन जितकं जास्त, तितकी खूणवाल्यांना बाकं कमी मिळणार. बाकांवर किती खूणवाले बसले ते मोजलं की उलट हिशेबाने रुग्णाचं हार्मोन कळतं. इतकं सुंदर, की १९७७ चं नोबेल यालोबाईंना मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

१९६५ पासून याच रीतीने टीएसएच मोजता येऊ लागलं. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेली हाक. हार्मोन कमी पडलं की हाक मोठी, जास्त झालं की हाक बारीक. टी४ थोडासा हलला तरी टीएसएच कित्येक पटींनी हलतं, म्हणून तो इतका कामाचा आकडा. भारतात बीएआरसीने आणि पुढे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या बीआरआयटीने टी३, टी४, टीएसएच मोजायचे किट बनवून देशभरातल्या लॅबना पुरवले. किरणोत्सारी आयोडिन आता रुग्णाच्या पोटाऐवजी परीक्षानळीत गेलं. रुग्णाने प्रवास करायचा तो रक्ताच्या बाटलीने करायला सुरुवात केली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी उडी ही.

पण सुरुवातीच्या टीएसएचला एक उणीव होती. हाक मोठी असेल तर ऐकू यायची, बारीक असेल तर नाही. म्हणजे "गोळी कमी पडतेय" हे कळायचं, "गोळी जास्त होतेय" हे कळायचं नाही. १९८० च्या दशकात दोन अँटिबॉडींच्या मध्ये हार्मोन धरायची सँडविच पद्धत आली आणि बारीक हाकही ऐकू येऊ लागली. तेव्हा कळलं की जगभर कितीतरी जणांना वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त मात्रा दिली जात होती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात दिसलं की साठीपुढच्या ज्यांचं टीएसएच अगदी खाली दबलेलं आहे त्यांना पुढच्या दहा वर्षांत हृदयाची लय बिघडायचा धोका सुमारे तिप्पट असतो. मात्रा जास्त असेल तर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची, हाडंही ठिसूळ होतात. "थोडी जास्त घेतली तर काय बिघडतंय" याचं उत्तर हे आहे.

आता नियम आपोआप समजतात.

पहिला, सकाळच्या गोळीचा. थायरॉक्सिन गिळल्यावर दोन ते चार तासांत रक्तातला फ्री टी४ तात्पुरता वर चढतो. टीएसएच मात्र त्या दिवशीच्या एका गोळीने हलत नाही. म्हणून फ्री टी४ तपासायचा असेल तर आधी रक्त, मग गोळी. नुसतं टीएसएच असेल तर फारसा फरक पडत नाही. म्हणजे लॅबवाला मुलगा बरोबर आणि केमिस्टचा पोऱ्याही अर्धा बरोबर. सोपा मार्ग म्हणजे गोळी डबीत घालून लॅबमध्ये न्या, रक्त दिलं की पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा-पाऊण तास चहा टाळा. त्या दिवशीची गोळी बुडवायची नाही! लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तास दूर, एरवीही.

दुसरा, चार दिवस गोळी बंद ठेवायचा. हा सोडून द्या. तपासणीला "तुमची ग्रंथी एकटी काय करते" हे विचारायचंच नसतं. "या मात्रेवर तुम्ही ठीक आहात का" हे विचारायचं असतं. उलट दोन महिने गोळी विसरून तपासणीच्या आठवड्यात मन लावून घेणारेही असतात. त्यांचा टी४ छान येतो आणि टीएसएच वाढलेलं. अनुभवी डॉक्टर ही चोरी बरोबर पकडतात.

तिसरा, सहा आठवड्यांचा. १९७० मध्ये ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवलं की ग्रंथी नसलेल्या माणसांतही शरीर टी४ पासून टी३ बनवतं. त्यामुळे एकटी टी४ ची गोळी पुरते हे पक्कं झालं. टी४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवस. मात्रा बदलली की नवी पातळी स्थिर व्हायला पाच अर्धायुष्यं, म्हणजे ३५ दिवस. त्यापुढे पिट्युटरीला सावरायला थोडा वेळ. झाले सहा ते आठ आठवडे. पंधरा दिवसांत घाईने तपासलं तर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा आकडा मिळतो. मोठा अपवाद गर्भारपणाचा. तेव्हा गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते आणि बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडे जायचं, आणि पहिल्या अर्ध्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी.

चौथा, खास बोईसरच्या लोकांसाठी. टीएसएचला घड्याळ असतं. रात्री ते वर चढतं, दुपारी सगळ्यात खाली असतं. झोप त्या चढण्याला आवर घालते आणि रात्रभर जागलं की ते नेहमीपेक्षा जास्त चढतं. एमआयडीसीतल्या कंपन्या आणि वीजकेंद्र चोवीस तास चालतात. रात्री अकरा ते सकाळी सातची शिफ्ट संपवून तसंच लॅबमध्ये शिरून दिलेलं रक्त आणि सुट्टीत झोपून उठून दिलेलं रक्त, या दोन आकड्यांची तुलना कशी करणार? सीमेवरचा आकडा असेल तर एवढ्या फरकाने मात्रा वाढू शकते. म्हणून नाईटच्या आठवड्यात शक्यतो तपासू नका, आणि तपासलंच तर डॉक्टरांना सांगा. शिफ्टवाल्यांना "सकाळी अनशापोटी" हे रोज जमतही नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या गोळीपेक्षा किंचित सरसच ठरली. मुद्दा पोट रिकामं असण्याचा आणि नेम पाळण्याचा. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पाचवा नियम सगळ्यात नवा, आणि तो वर सांगितलेल्या चौघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. केसांसाठी आणि नखांसाठी ज्या गोळ्या मिळतात त्यांत बायोटिन असतं, ५ किंवा १० मिलिग्रॅम. रोजची गरज असते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आजच्या अनेक स्वयंचलित यंत्रांत अँटिबॉडी धरून ठेवायला बायोटिनचाच हुक वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की ते हुकाच्या जागा अडवून बसतं आणि यंत्राला संकेत कमी मिळतो. टीएसएचच्या सँडविचमध्ये संकेत कमी म्हणजे टीएसएच कमी. टी४ च्या बाकांच्या उलट हिशेबात संकेत कमी म्हणजे टी४ जास्त. दोन्ही चुका एकमेकींना साक्ष देतात! डॉक्टरांना दिसतं की मात्रा जास्त झाली, ते गोळी कमी करतात, आणि ज्या बाईचे केस मुळात थायरॉइड कमी पडल्याने गळत होते तिचे आणखी गळायला लागतात. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल जाहीर इशारा दिला. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. फार मोठी मात्रा चालू असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. थायरॉक्सिनची गोळी मात्र चालूच.

एवढं सगळं लक्षात ठेवणं जमणार नसेल तर रिपोर्टच्या मागे पेनाने चार गोष्टी लिहून ठेवा. रक्त किती वाजता दिलं, शेवटची गोळी कधी घेतली, आताची मात्रा कधीपासून चालू आहे, आणि आदल्या रात्री झोप झाली का. यंत्र यातलं काहीच छापत नाही आणि डॉक्टरांना हेच हवं असतं. पुढच्या वेळी कोणी नवा नियम सांगितला तर वाद घालू नका, फक्त विचारा, "हा कुठल्या तपासणीचा नियम?" आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका. ते काम डॉक्टरांचं, त्यांच्यापुढे खरा आकडा ठेवणं आपलं.

पुढच्या शनिवारी, वेळ मिळाला तर, आयोडिनयुक्त मिठाच्या सक्तीबद्दल. १९९७ मध्ये आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये परत आली... ती एक वेगळीच कहाणी आहे.